कॅज्युअल्टी म्हणजे जखमी

करानी युस्तिनोला इंग्रजी आलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी त्याच्या तोंडावर पंधरा वर्षं म्हणत आलो. तो म्हणायचा, "जाफाली, तुला शिवण आलं नसतं तर गाव काय उघडं फिरलं असतं?" पण माझ्या शिवणापायी आजवर कुणाचा जन्म वाया गेलेला नाही. फार तर एखाद्याची विजार आखूड झाली असेल.

मी शिंपी, आमच्याकडे म्हणतात फुंडी. आमच्या नाम्बेके गावात सरकारी कचेरीच्या समोर समुद्रापलीकडून आलेल्या गुजराती शेटचं दुकान आहे, त्याच्या ओट्यावर माझं मशीन. कचेरीत गोरा साहेब एक, शिपाई चार आणि कारकून एकटा युस्तिनो. कारकुनाला आम्ही करानी म्हणतो, त्यामुळे त्याचं नाव 'करानी'च पडलं. मिशनच्या शाळेत शिकलेला, किरिस्ताव, काडीसारखा माणूस. त्याची खाकी चड्डी मीच बेतायचो आणि कितीही लहान बेतली तरी ती त्याला मोठीच व्हायची. आम्ही मुसलमान. ईदला तो माझ्याकडे पिलाव खायला यायचा, नाताळला मी त्याच्याकडे. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसं वाटणार नाही.

कचेरीत लागण्याआधी तो दोन वर्षं किनाऱ्यावरच्या शहरात होता, सरकारी इस्पितळात. फरशी पुसायची, जखमेवरच्या पट्ट्या धुवायच्या, हे काम. तिथे एका दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: कॅज्युअल्टी. नारळावरून पडलेला, सुसरीने धरलेला, लॉरीखाली पाय गेलेला, असे सगळे त्या दारातून आत जायचे. आत जाताना बोंब, बाहेर येताना पट्टी. युस्तिनोने ताडलं की ज्याला लागलंय आणि ज्याला पट्टी बांधून घरी धाडायचं, तो कॅज्युअल्टी. आत जे मरायचे त्यांना मागच्या दाराने दुसऱ्या खोलीत नेत. त्या खोलीला पाटी नव्हती, आणि पाटी नसलेली गोष्ट युस्तिनोच्या डोक्यात कधी शिरली नाही.

बर्माची लढाई लागली तेव्हा साहेबलोकांनी आमच्याकडची पोरं पलटणीत भरून नेली. आमच्या बाजूची तिघं होती: आली तुवाले, काजेम्बे आणि बवानाली. बवानाली हा अबिती चिसूसेचा नवरा. आमच्यात नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो, म्हणजे गावातले सगळे पुरुष घरजावईच. वंश बाईचा, घर बाईचं. बवानाली दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्या अंगणात राहायला आलेला. एक मूल झालं, सातव्या दिवशी गेलं. मग तो लॉरीत बसून गेला.

अबिती मडकी घडवायची. तिच्यासारखं पाण्याचं मडकं रुवूमा नदीपर्यंत कुणी घडवत नसे. आणि तिच्यासारखी जीभही कुणाची नव्हती. आईची एकुलती एक लेक. आमच्यात याचा अर्थ असा की तिला मुलगी झाली तर ते अंगण पुढे चालायचं, नाहीतर तिच्याबरोबर मिटायचं. हे तिला माहीत होतं, तिच्या मामाला माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं.

तार आली तेव्हा साहेब दौऱ्यावर होता. तारेवर तातडीचा शिक्का, म्हणून युस्तिनोने फोडली. 'खेदपूर्वक कळवण्यात येते की' अशी सुरुवात, पुढे 'खालील कॅज्युअल्टी' आणि खाली तीन नावं. खेदाने तो जरा दचकला नसता का, असं तुम्ही म्हणाल. पण साहेबलोकांचा प्रत्येक कागद खेदानेच सुरू व्हायचा. खुर्ची पाठवता येत नाही, खेद. रजा मिळत नाही, खेद. युस्तिनोच्या लेखी खेद म्हणजे आपल्या सलामासारखं काहीतरी.

त्याने आंब्याखाली माणसं गोळा केली, स्टुलावर चढला आणि आमच्या भाषेत सांगितलं, "तिघंही जखमी आहेत."

आमच्या भाषेत जखमी वेगळा आणि मेलेला वेगळा. जखमीला आपण बघायला जातो, मेलेल्याला पुरायला जातो. दोघांना एकाच पोत्यात भरणारा शब्द आमच्याकडे नाही, आणि असला काही शब्द जगात असेल असं कुणाला वाटलंही नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, "नक्की जखमीच लिहिलंय ना?" युस्तिनोने तार उंच धरली. "इथे लिहिलंय कॅज्युअल्टी. कॅज्युअल्टी म्हणजे जखमी. मी दोन वर्षं काढली आहेत त्या खोलीत."

बायकांनी आनंदाने जिभा वाजवल्या. लढाईतून वाईटच बातमी येणार असं सगळे धरून बसले होते, आणि निघालं काय तर नुसतं लागलंय. लागलेलं बरं होतं. बकरं कापलं, मशिदीतल्या शेखांनी आजाऱ्यांसाठी दुआ केली.

शब्द गावाला फार आवडला. 'काजुआलिटी' असा त्याचा उच्चार झाला आणि ती एक पदवीच होऊन बसली. पाणवठ्यावर कुणी म्हणायची, "माझा नवरा कॉर्पोरल आहे." मग अबिती घागर डोक्यावर चढवत म्हणायची, "माझा काजुआलिटी आहे. तुझ्या कॉर्पोरलला निदान खरचटलंय तरी का?"

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे कापड घेऊन आली. नवरा येईल, त्याला सदरा हवा.

"माप?" मी विचारलं.

"तुझ्याएवढाच. पोट सोडून."

"आणि कुठे लागलंय त्याला? हात गेला असेल तर बाही वाया जाईल."

ती जराही बिचकली नाही. "दोन्ही बाह्या शिव. हात नसेल तर मी कापीन. असेल आणि बाही नसेल, तर तुझी बाही ओरबाडून आणीन."

मी हसत हसत शिवला. अजून मला ते हसणं आठवलं की स्वतःची किळस येते.

साहेब दौऱ्यावरून आला तो खाटेवरून, तापाने फणफणलेला. तसाच त्याला किनाऱ्यावर नेला. नवा साहेब चार महिन्यांनी आला. तोवर तार फायलीत गेलेली, आणि फायलीत गेलेला कागद कोण उकरतो?

लढाई संपली. एका दुपारी लॉरीतून आली तुवाले उतरला. डावा हात कोपरापासून नाही. गावाने त्याला खांद्यावर घेतला आणि त्याच्यामागोमाग युस्तिनोलाही. करानीने सांगितलं तेच झालं. जखमी म्हणाला होता, बघा, जखमी आला. काजेम्बेची बातमी त्याच्या पलटणीतल्या एकाने आणली, की तो गेला. लोक म्हणाले, जखम चिघळली असेल, होतं असं. युस्तिनोच्या शब्दाला ओरखडाही गेला नाही. आता राहिला बवानाली. आली तुवालेने सांगितलं, आम्ही वेगळ्या डोंगरांवर होतो, मला ठाऊक नाही. अबिती म्हणाली, "हातवाला आला. पायवाल्याला वेळ लागतोच."

त्यानंतर काही महिन्यांनी ते पत्र आलं.

भर दुपारी युस्तिनो माझ्या ओट्यावर येऊन बसला. शेट जेवायला गेलेला. त्याने पत्र माझ्या मशीनवर ठेवलं. मला ते ओ की ठो कळेना, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिथे सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"पूर्वी कॅज्युअल्टी म्हणून कळवलेला शिपाई बवानाली," तो हळू आवाजात वाचत गेला, "त्याच दिवशी ठार झाला होता."

"त्याच दिवशी म्हणजे?"

"तार यायच्या अकरा दिवस आधी."

"मग तेव्हा जखमी कसं लिहिलं?"

"जखमी नव्हतं लिहिलं. मी आत्ता साहेबाच्या जाड पुस्तकात बघितलं. कॅज्युअल्टी म्हणजे मेलेला. किंवा जखमी. किंवा हरवलेला."

"तिन्ही?"

"तिन्ही. लढाईतला असो, अपघातातला असो. जो पलटणीला कामाचा राहिला नाही तो."

"हा शब्द आहे की पोतं?"

युस्तिनोने पत्राची घडी घातली. मी म्हटलं, "ऊठ. आत्ता जाऊ आणि सांगू."

"रोजे चालू आहेत तिचे. ईद होऊ दे."

ईद झाली. मग म्हणाला, तिच्या मामाला ताप आहे. मामा बरा झाला. मग म्हणाला, तिची मडक्यांची भट्टी लागायची आहे, भट्टी लागू दे. तिची भट्टी लागली, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं मडकं डोक्यावर घेऊन ती युस्तिनोच्याच दारात गेली. म्हणाली, "मला भाऊ नाही. तुझ्या तोंडून माझा नवरा मला परत मिळाला, तेव्हा तू माझा भाऊ." आता या तोंडाने काय सांगायचं? संध्याकाळी युस्तिनो मला म्हणाला, "जाफाली, माझी जीभ टाळूला चिकटते." तेव्हा मला त्याची दया आली. दया येऊ द्यायला नको होती.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने शेवटपर्यंत बोलून दाखवली नाही. नव्या साहेबाने फायलीत त्या पत्राच्या नोंदीपुढे लिहिलं होतं, 'घरच्यांना कळवावे'. युस्तिनोने त्याच्याखाली लिहून टाकलं, 'कळवले'. तार फोडली कुणी, वाचली कुणी, असं साहेबाने विचारलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणजे अर्धी लाज आणि अर्धी नोकरी. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं त्याचं. ती कचेरीच्या बाजूने नुसती चालत गेली तरी हा फायलीत तोंड खुपसायचा.

त्याच वर्षी सालूमू गवंड्याने तिला मागणी घातली. विधुर होता, शांत होता, भिंत ओळंब्यात बांधायचा. मामाला पसंत. अबिती म्हणाली, "नवरा जिवंत असताना दुसरा? शेखांना विचारा." शेख म्हणाले, जखमी माणूस जिवंत माणूस, निकाह होत नाही. मी युस्तिनोकडे गेलो आणि त्याची गचांडी धरली. "आता तरी बोल. तिचं आयुष्य अडलंय." तो म्हणाला, "उद्या." दुसऱ्या दिवशी तो तिच्या अंगणापर्यंत गेला, पाणी मागून प्यायला आणि परत आला.

सालूमूने तीन वर्षांनी पुन्हा विचारलं. मग आणखी चार वर्षांनी. तिसऱ्या वेळी तो स्वतः आला, हातात टोपी घेऊन. अबितीने त्याला बसायला चटई दिली, खायला शिजवलेला कसाव्याचा कंद दिला आणि म्हणाली, "भाऊ, तू चांगला आहेस. पण तो लंगडत आला आणि घरात तू दिसलास, तर मी कुणाला तोंड दाखवू?" सालूमू गेला तो पलीकडच्या गावात लग्न करून राहिला. त्याला चार मुलं झाली. त्यातल्या तीन मुली.

तुम्ही विचाराल, तू का नाही बोललास? मी स्वतःला विचारलंय. मला इंग्रजी येत नाही, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, हे एक. युस्तिनो माझा मित्र, त्याचं पोट कसं मारू, हे दुसरं. आणि तिसरं, जे खरं आहे, ते असं की एकदा उशीर झाला की माणूस बातमीला भीत नाही, उशिराला भितो. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर ती रडली असती. पाचव्या वर्षी सांगितलं तर विचारणार, पाच वर्षं काय करत होतास? मग सहावं वर्ष लागतं.

ती वाट बघत नुसती बसली नव्हती. दर वर्षी पाऊस संपला की ती कचेरीत येऊन युस्तिनोला पत्र सांगायची, बर्माच्या इस्पितळाला. मी एकदा तिथेच होतो. ती म्हणाली, "लिही. बायको विचारते. पाय असतील तर चालत ये. नसतील तर कळव, मी न्यायला येते. डोळे गेले असतील तर लाजू नको, मी काही आता पूर्वीसारखी दिसत नाही." युस्तिनोने ते खाली मान घालून इंग्रजीत लिहिलं. एकेक शब्द. लिहून झाल्यावर तिने अंगठा उठवला. ती गेल्यावर त्याने ते टेबलाच्या खणात ठेवलं. खणात आधीची आठ पत्रं होती.

मी म्हटलं, "फाड तरी."

म्हणाला, "फाडवत नाही."

"धाडवत नाही, फाडवत नाही, सांगवत नाही. मग तुला येतं काय?"

"इंग्रजी," तो म्हणाला आणि हसला. तेव्हा मला कळलं की हा माणूसही गेलेलाच आहे.

हळूहळू गाव विसरलं. मामा वारला, आई वारली. पोरीबाळी तिला 'बिबी काजुआलिटी' म्हणू लागल्या. त्यांना वाटायचं की ते तिचं जन्माचं नाव. मडक्यांची जागा पत्र्याच्या डब्यांनी घेतली. अंगणात पूर्वी तीन झोपड्या होत्या, दोन वाळवीने खाल्ल्या. तिसरीत ती एकटी.

मग साहेबांचं राज्य गेलं. नवा झेंडा आला आणि कचेरीत नवा अधिकारी आला, आपल्यातलाच, तरणा, बूट चकचकीत. त्याने हुकूम काढला, की परक्यांच्या लढाईत मेलेल्या आपल्या माणसांची नावं मोठ्या पाटीवर रंगवा आणि झेंड्याच्या दिवशी आंब्याखाली लावा. माणूस चांगल्या मनाचा होता. फायली काढल्या. त्यांत बवानालीचं नाव होतं, पुढे तारीख, आणि युस्तिनोच्या अक्षरात 'कळवले'.

युस्तिनो त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. "पाटी परवा लागणार. आता निम्मं गाव वाचतं, जाफाली."

"म्हणजे आता तू सांगणार. पाटीला घाबरून."

"हो," तो म्हणाला. निदान खोटं बोलला नाही.

आम्ही दोघे गेलो. ती दारात बसून एका मडक्याला गारगोटीने घासत होती. केस पांढरे होऊ लागलेले. आम्हाला बघून म्हणाली, "करानी आणि फुंडी एकत्र? एकाने माप घ्यायचं आणि एकाने लिहून ठेवायचं, असं काय आहे?"

युस्तिनो उभाच राहिला. खिशातून पत्र काढलं, घड्यांवर चिरलेलं. म्हणाला, "अबिती, कॅज्युअल्टी म्हणजे नुसता जखमी नाही. मेलेल्यालाही तेच म्हणतात. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बवानाली गेला. तार आली तेव्हाच गेलेला होता."

ती घासतच राहिली. हात न थांबवता म्हणाली, "हे पत्र आज आलं?"

"नाही."

"कधी आलं?"

त्याने वर्ष सांगितलं. तिने गारगोटी खाली ठेवली आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"सालूमू पहिल्यांदा आला तेव्हा हे तुझ्या खिशात होतं?"

"होतं."

"दुसऱ्यांदा?"

"होतं."

"तिसऱ्यांदा? टोपी घेऊन आला तेव्हा?"

"हो, अबिती."

"तेव्हा मी चौतीस वर्षांची होते," ती म्हणाली. "माझ्या आईला मी चौतिसाव्या वर्षी झाले." मग तिने माझ्याकडे बघितलं. "फुंडी, तुलाही माहीत होतं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आरडाओरडा करील, मडकं फेकून मारील, असं मला वाटलं होतं. ते बरं झालं असतं. ती म्हणाली, "या वर्षी माझी पाळी गेली. तेव्हा आता तुम्ही आलात." एवढं म्हणून तिने मडकं उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती शेखांकडे गेली. आता शेख नवे होते, जुन्यांचा पुतण्या. तिने विचारलं, इद्दतीला कधीपासून बसू? चार महिने दहा दिवस पांढरं नेसून घरात बसायचं, विधवेचा नेम. शेखांनी पुस्तक उघडलं आणि बिचाऱ्याने जे होतं ते सांगितलं, "बसायची गरज नाही, आई. इद्दत मरणाच्या दिवसापासून धरतात, कळल्याच्या दिवसापासून नाही. तुमची सतरा वर्षांपूर्वीच संपली. तेव्हापासून तुम्ही मोकळ्याच आहात."

"मोकळी," ती म्हणाली. "मोकळी होते मी?"

"हो, आई. धर्माने."

हे मला शेखांनीच सांगितलं. म्हणाले, ती हसली आणि मला भीती वाटली.

धर्माने मोकळी झाली, तरी आमच्या रीतीत एवढ्याने भागत नाही. मयताच्या बैठकीला अंगणात दोन चटया पडतात. एक बायकोकडच्यांची, एक नवऱ्याकडच्यांची. नवऱ्याकडचा एक माणूस उठतो आणि सगळ्यांसमोर बाईला म्हणतो, जा, आमच्याकडून तू मोकळी. तेव्हा तो मेलेला खरा मेला आणि ती खरी सुटली. बवानालीचं घराणं फार पूर्वी नदीपलीकडे पोर्तुगिजांच्या हद्दीत गेलेलं. तिने निरोप धाडला. निरोप नेणारा आठ दिवसांनी परतला. म्हणाला, ते गाव आता तिथे नाही.

तरी तिने बैठक घातली. पाटी लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात. पंधरा-वीस माणसं आली, बहुतेक म्हातारी. तरण्यांना बवानाली कोण हेच ठाऊक नव्हतं. एकाने माझ्या कानात विचारलंही, "आजोबा, मयत कालचं की परवाचं?" आली तुवाले आला होता, रिकामी बाही खोचून. आम्ही सगळे तिच्याकडच्या चटईवर बसलो. समोरची चटई तिने स्वतः झाडून पसरली होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

युस्तिनो सगळ्यांत शेवटी आला. धुतलेला सदरा, हातात टोपी. क्षणभर उभा राहिला, मग सरळ समोरच्या चटईवर जाऊन बसला, एकटा, मान खाली घालून. मला त्याच्या मनातलं कळलं. कुणीतरी उठून ते वाक्य म्हणायला हवं होतं, आणि ते आपण म्हणावं, असं त्याला वाटलं. एवढं तरी आपल्या तोंडून बरोबर निघावं.

अबिती दारात पांढरं नेसून बसली होती. म्हणाली, "करानी, तिथून ऊठ."

"कुणी आलं नाही, अबिती. म्हणून बसलो."

"ती बवानालीच्या माणसांची जागा आहे."

"कुणीतरी म्हणायला हवं ना..."

"नाही आलं तर नाही आलं. राहू दे रिकामी. तू आता कशालाच काही नाव देऊ नकोस."

तो उठला. आमच्या चटईकडे आला, पण तिथे कुणी सरकून जागा दिली नाही. मीही दिली नाही. मीच आधी उठून जायला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं, पण मी बसूनच राहिलो. तो कुंपणाशी उन्हात उभा राहिला. शेखांनी दुआ वाचली. नंतर ताटं आली, मक्याच्या पिठाची घट्ट उगली आणि वाटाण्याची आमटी, लोक जेवले आणि एकेक करून गेले. तिला मोकळी म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ते कुणी म्हटलंच नाही.